कमिन्सचे 5.9 लिटरचे डिझेल इंजिन

कमिन्सचे सहा सिलिंडरचे बी-मालिका इंजिन 1980च्या दशकात शेती आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी घडले. 1989 साली ते डॉजच्या पिकअप गाडीत आले. ताकद 160 अश्वशक्ती, पण कमी फेऱ्यांवर ओढ जबर. पुढे जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून याच कुळातली इंजिने टाटांच्या ट्रकांत बसली.

टिकाऊपणाचे श्रेय मी त्याच्या रचनेला देतो. ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे. कॅमशाफ्ट आणि डिझेलपंप फिरवायला पट्टा किंवा साखळी नाही, थेट दातेरी चक्रे. त्यामुळे टायमिंगचा पट्टा तुटायची भीतीच नाही. जुन्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात डिझेलपंपही यांत्रिक होता, संगणकाची गरज नव्हती. सिलिंडर झिजले तर ब्लॉक बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतात. अशी दुरुस्तीची सोय ठेवणारे यंत्र मला फार मोलाचे वाटते.

एक दोष मात्र गंभीर आहे. पुढच्या गिअरकेसमधली छोटी पोलादी डॉवेल पिन थरथरीने सैल होऊन चक्रांत पडू शकते आणि केस फोडते. जुने इंजिन घेताना ती पट्टी लावून अडवली आहे का, हे आधी विचारावे.