टर्बोचार्जरच्या शीतनवाहिन्यांची मांडणी : वागळे इस्टेटमधील कारागिरीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाण्यातील वागळे इस्टेट हे त्याचे आरंभीचे औद्योगिक क्षेत्र ठरले. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बोचार्जर बसविलेल्या पहिल्या प्रवासी मोटारींपैकी एक मोटार बाजारात आली. आज वागळे इस्टेटमधील अनेक कारखान्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या आहेत. तरीही लेथ, वेल्डिंग व नळीकाम यांचे ज्ञान येथील लहान गाळ्यांत टिकून आहे. स्वतंत्रपणे बांधलेल्या मोटारीत टर्बोचार्जर बसविताना याच ज्ञानाची कसोटी लागते. प्रस्तुत लेखात शीतकाच्या नळ्यांच्या मांडणीमागील तत्त्वे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शीतनाची आवश्यकता :
स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेनुसार, बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंच्या ऊर्जेवर टर्बाइन फिरते व त्याच अक्षावरील कॉम्प्रेसर इंजिनात अधिक हवा दाबतो. अक्षाची गती मिनिटाला एक लाख फेऱ्यांहून अधिक असू शकते आणि पेट्रोल इंजिनात वायूंचे तापमान 900 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. इंजिन चालू असताना वाहते तेल बेअरिंगला वंगण देते व त्याची उष्णताही वाहून नेते.

खरा धोका इंजिन बंद केल्यानंतर उद्भवतो. कसारा घाट चढून आलेली मोटार इगतपुरीला चहासाठी थांबवून लगेच बंद केली, तर तेलाचा प्रवाह व वॉटर पंप दोन्ही थांबतात. टर्बाइनच्या आवरणातील साठलेली उष्णता मात्र बेअरिंगकडे सरकतच राहते. तेथे उरलेले तेल जळून त्याचा कठीण कार्बन थर बनतो. हे वारंवार घडल्यास तेलमार्ग चोंदतो व बेअरिंग निकामी होते.

नळ्यांची मांडणी :
यावरील उपाय निसर्गनियमातच आहे. तापलेला शीतक हलका होऊन वर जातो व त्याची जागा खालून येणारा थंड शीतक घेतो. पंप बंद असतानाही हे अभिसरण चालू राहावे, यासाठी पुढील पथ्ये पाळावी लागतात.

1. शीतक खालच्या तोंडातून आत यावा व वरच्या तोंडातून बाहेर पडावा. दोन्ही तोंडे एका पातळीत असल्यास मधले आवरण टर्बाइनच्या अक्षाभोवती सुमारे 20 अंशांपर्यंत फिरवितात. तेलाच्या निचऱ्याची नळी मात्र शक्यतो सरळ खाली उतरलीच पाहिजे. त्यामुळे या फिरविण्यास मर्यादा पडते.

2. बाहेर जाणारी नळी टर्बोहून उंच ठेवलेल्या विस्तार-टाकीपर्यंत सतत चढती असावी. मध्येच उंचवटा राहिल्यास तेथे वाफ कोंडते व अभिसरण खुंटते. इंजिन चालू असताना पंपाचा दाब हा दोष झाकतो. म्हणून केवळ चाचणी-फेरीवरून मांडणी निर्दोष ठरविणे चुकीचे होय.

3. पुरवठा पंपाच्या दाबाच्या बाजूने, तर परतीचा मार्ग कमी दाबाच्या बाजूस जोडावा. दोन्ही टोकांवर दाब सारखाच असेल, तर इंजिन चालू असतानाही प्रवाह नगण्य राहतो.

4. टर्बोजवळ धातूची नळी व पुढे लवचीक रबरी नळी वापरावी, म्हणजे इंजिनाच्या कंपनाने सांधे तडकत नाहीत. नळीवर उष्णतारोधक वेष्टन असावे. तसेच जोड उघडल्यावर त्यातील वॉशर नवा घालावा.

शेवटचे पथ्य क्षुल्लक वाटले, तरी सर्वांत गंभीर परिणाम त्याच्याशीच निगडित आहे. शीतकातील इथिलीन ग्लायकॉल ज्वलनशील असून, गळती तप्त एक्झॉस्टवर पडल्यास आग लागू शकते.

कायदेशीर बाजू :
मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांहून भिन्न होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. म्हणून रस्त्यावर चालवावयाच्या मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न काम हाती घेण्यापूर्वीच सोडविणे इष्ट ठरते.

समारोप :
शीतनवाहिनीची योग्यता गतीत नव्हे, तर इंजिन थांबल्यानंतरच्या काही मिनिटांत सिद्ध होते. उष्णता-अभिसरणाचा जो नियम वर्गात फळ्यावर मांडला जातो, तोच गाळ्यातील कारागीर नळीला चढ देताना हाताने पाळतो. पदार्थविज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना या दोन ज्ञानांची सांगड प्रत्यक्ष दाखविता आल्यास अध्यापन अधिक अर्थपूर्ण होईल.