छंदांचा बाजार (भाग ४) : भाव ठरवणारं दुकान

मागच्या आठवड्यात नाण्यांबद्दल लिहिलं, तेव्हा धातूचा तरी आधार होता. चांदीचं नाणं वितळवलं तरी काही हाती लागतं. वापरलेलं टपाल तिकीट म्हणजे नुसता कागद. शिक्का पडला की टपाल खात्याच्या लेखी त्याचं काम संपलं. त्याला बाजारभाव मिळवून देणाऱ्यांत आघाडीवर होता इंग्लंडमधल्या प्लिमथ बंदरातला एक पोरगा.

एडवर्ड स्टॅन्ली गिबन्सचा जन्म १८४० चा; चिकटवायचं पहिलं टपाल तिकीट, ‘पेनी ब्लॅक’, निघालं त्याच वर्षीचा. वडिलांचं औषधांचं दुकान होतं. १८५६ मध्ये त्यातच एका बाजूला त्यानं तिकिटं विकायला सुरुवात केली. १८६३ मध्ये दोन खलाशी केप ऑफ गुड होपच्या त्रिकोणी तिकिटांनी भरलेली थैली घेऊन आले. त्यांना ती केप टाउनला सोडतीत लागली होती म्हणे. गिबन्सनं ती पाच पौंडांना उचलली. कंपनीच्या इतिहासात ही कथा हटकून येते. मला मात्र दोन वर्षांनंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर १८६५ मध्ये गिबन्सनं पहिलं दरपत्रक छापलं.

पुढे याच दरपत्रकाचा जाडजूड कॅटलॉग झाला. कुठल्या देशाचं, कुठल्या साली निघालेलं, रंगाची छटा कोणती, कडेची दाती किती, कागदात जलचिन्ह आहे का, असा बारकाईनं भेद करून प्रत्येक तिकिटाला क्रमांक मिळाला. ‘एसजी नंबर’ सांगितला की मुंबईतला विक्रेता आणि मेलबर्नचा ग्राहक एकाच तिकिटाबद्दल बोलताहेत, याची खात्री. पण यात एक गंमत होती. माल विकणाराच त्या मालाची किंमतही छापत होता! १८७४ मध्ये लंडनला गेलेल्या गिबन्सनं १८९० मध्ये धंदा चार्ल्स फिलिप्सला २५,००० पौंडांना विकला. मग स्ट्रँडवर दुकान आलं. १९१४ मध्ये तिकिटांचा नादी राजा पंचम जॉर्ज यानं राजमान्यताही दिली.

एकविसाव्या शतकात कंपनीनं तिकिटं गुंतवणूक म्हणून विकली. काही योजनांत किमान परताव्याची हमीही दिली. इथं माझ्या मते मोठी चूक झाली. छंदी माणूस तिकीट जपून ठेवतो, गुंतवणूकदार मुदत संपताच पैसे मागायला येतो. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीनं ‘सर्व्हिस’ छापलेल्या दहा रुपयांच्या गांधी तिकिटांची चारची पट्टी पाच लाख पौंडांना विकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिची गर्नसीतली गुंतवणूक कंपनी प्रशासकांच्या हाती गेली. २०२१ मध्ये मूळ कंपनीनं ब्रिटिश गियानाचं एक सेंटचं किरमिजी तिकीट ८३ लाख डॉलरना घेऊन त्याचे हिस्से लोकांना विकायला काढले. डिसेंबर २०२३ मध्ये मूळ कंपनीवरही प्रशासक आले आणि व्यवसाय नव्या मालकांकडे गेला.

कॅटलॉग अजून निघतो. घरी जुना अल्बम असेल तर एवढं ध्यानात ठेवा : कॅटलॉगात छापलेली किंमत ही दुकानदाराची विक्रीची असते. तुम्ही विकायला गेलात, तर हातात त्याहून बरंच कमी पडेल.