गच्चीवरची बाग (भाग 9) : पिवळं पान कधी कापावं?

कार्तिक लागला की इंदूरच्या मल्हारगंजातल्या गच्च्यांवर फुटबॉल लिलीची रया जायला लागते. मे महिन्यात लालभडक गोळा देऊन गेलेली ही लिली पावसाळाभर रुंद, तुकतुकीत पानांवर उभी असते. थंडीची चाहूल लागली की पानं टोकाकडून पिवळी होतात, मध्येच मोडतात आणि कुंडीच्या काठावर लोळू लागतात. मागोमाग भुईचाफा, हळद आणि निशिगंधही तीच वाट धरतात. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिल्या आलेल्या इंदूरमध्ये अशी कुंडी डोळ्यांत खुपणारच. दिवाळीच्या आवराआवरीत कुणीतरी कात्री घेऊन वर जातं आणि पाचच मिनिटांत सगळ्या कुंड्या बोडक्या होतात.

इथेच नुकसान होतं.

कंदवर्गातलं पान पिवळं पडतं तेव्हा ते निकामी झालेलं नसतं. त्याची आवराआवर चालू असते. पानातला बहुतेक नायट्रोजन हरितलवकांतल्या प्रथिनांमध्ये साठवलेला असतो. थंडी पडू लागली, दिवस लहान झाला की झाड ही प्रथिनं मोडतं, त्यांतून सुटलेली अमिनो आम्लं अन्नवाहिन्यांतून खाली कंदात धाडतं. फॉस्फरस, पोटॅश आणि मॅग्नेशियमही त्याच वाटेने परततात. हिरवा रंग सरला की आधीपासून पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो, एवढंच. कॅल्शियम मात्र हलत नाही. ते वाळक्या पानातच राहतं. म्हणून अर्धं हिरवं पान कापणं म्हणजे कंदाच्या वाटणीचं खत कापून फेकणं. फुटबॉल लिलीचा पुढच्या मे महिन्यातला गोळा याच शिदोरीवर येतो. निशिगंधात तर फुललेला कंद पुन्हा फुलत नाही; त्याच्या भोवतीची पिलं मोठी होऊन फुलतात. लागवडीला साधारण दीड सेंटीमीटरहून जाड कंद घ्यावा असं सांगतात, आणि पिलांना ती जाडी पानंच देतात. फुलं संपताच पानं छाटलेल्या निशिगंधाला पुढच्या वर्षी नुसता पाला येतो तो याचमुळे.

माळव्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. मंदसौर, नीमच, रतलामकडे लसणाची पात पिवळी पडून वाळू लागल्याशिवाय काढणीला कुणी हात घालत नाही, आणि उपटलेला लसूण पातीसकटच सुकवतात. नाशिककडे कांद्याच्या निम्म्या माना पडल्या की काढणीची वेळ झाली असं धरतात. हॉलंडमधले ट्युलिपवाले तर उमललेली फुलंच खुडून टाकतात आणि पानं राखतात, कारण त्यांना विकायचा असतो कंद. पोटासाठी किंवा पैशासाठी कंद वाढवणारा पानाला हात लावत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

मग पान काढायचं कधी? पूर्ण पिवळं किंवा तपकिरी होऊन कागदासारखं वाजू लागलं की हलकेच ओढून पाहावं. सहज सुटून हातात आलं तर त्याचं काम झालं. अडलं तर आठवडाभर थांबावं. पानांच्या गाठी मारणं किंवा वेण्या घालणं टाळावं. त्याने उरल्यासुरल्या हिरव्या भागाचा उजेड अडतो. कुंडी फारच ओंगळ दिसत असेल तर ती शेवंतीच्या मागे सरकवावी. पानं उतरू लागली की पाणीही उतरवत न्यावं. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि पान नसलेलं झाड पाणी ओढत नाही. थंडीत रोजच्या सवयीने घातलेल्या तांब्याभर पाण्याने कितीतरी कंद कुजतात.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे, रोगट पानाचा. ऋतू नसताना एखाददुसरंच पान पिवळं पडलं, पानावर तांबूस चट्टे उठले, बुडाशी मऊ पडून वास येऊ लागला, तर ते पान लगेच कापावं आणि दुसऱ्या झाडाला लावण्याआधी कात्री पुसून घ्यावी. पावसाळ्यात लिलीवर येणारी काळी, पांढऱ्या-नारिंगी ठिपक्यांची अळी एका रात्रीत पान पोखरते. तिची अंडी आणि विष्ठा असलेली पानंही ठेवू नयेत. असली पानं घरच्या खतात घालू नयेत.

निरोगी वाळक्या पानांचं काय करायचं, याचं उत्तर जगाला इंदूरनेच दिलं. होळकर संस्थानाने दिलेल्या सुमारे 300 एकर जमिनीवर 1924 साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायन विभागातले त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली. 1931 साली दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक आलं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर पोचली. हॉवर्ड यांचं नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात सापडतं. वाडांचं नावही इंदूरच्या मराठी घरांतून तितक्याच आदराने घेतलं जायला हवं.

त्यांच्या पद्धतीचं मर्म कंदाच्या वाळक्या पानालाही लागू पडतं. नायट्रोजन कंदात गेल्यामुळे वाळकं पान एकटं लवकर कुजत नाही. हॉवर्ड आणि वाड खड्ड्यात काडीकचऱ्याबरोबर शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख मिसळत, ढीग तीनदा खालीवर करत. तीन महिन्यांत खत तयार होई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं म्हणून ढीग जमिनीवर रचत. गच्चीवर जुन्या माठाला भोकं पाडून हेच करता येतं: पानं बारीक चुरून त्यांचा थर, वर भाजीच्या देठांचा थर, मूठभर शेणकाला किंवा जुनं खत, पिळलेल्या फडक्याइतकी ओल, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी उलथापालथ. थंडीत थोडा जास्त वेळ लागतो. कंदात न गेलेलं कॅल्शियम या खतातून मातीत परत येतं.

निशिगंधाचे कंद उकरणं, पिलं वेगळी करणं आणि सावलीत सुकवणं यांबद्दल पुढच्या भागात. तोवर पिवळ्या पानांच्या कुंड्या कुणी रिकाम्या करू नयेत, एवढी विनंती.