महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने आणि स्थानिक शासन

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने हे ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या सामूहिक मालकीचे ग्रामीण उद्योग होत. पंचायत राज व्यवस्थेशी त्यांचा निकटचा संबंध आहे. मात्र कायद्याने त्यांची मालकी कोणत्याही स्थानिक स्वराज्य संस्थेकडे नसून भागधारक सभासदांकडे असते.

पार्श्वभूमी

विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी (अहिल्यानगर जिल्हा) परिसरात उभा राहिलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यामुळे सहकार आणि पंचायत राज यांचा विस्तार जवळजवळ एकाच काळात झाला.

रचना

सभासद भाग विकत घेतो आणि कारखान्याला ऊस पुरवतो. संचालक मंडळाच्या निवडणुकीत भागांची संख्या कितीही असली तरी 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व लागू असते. राज्य शासन भागभांडवल पुरवते व कर्जाला हमी देते. ग्रामपंचायतीला कारखान्याकडून कर मिळतो, पण नफ्यात वाटा नसतो. उसाच्या बिलातून कापलेल्या ठेवी व निधीतून अनेक कारखान्यांनी शाळा, महाविद्यालये आणि उपसा सिंचन योजना उभ्या केल्या.

नेतृत्व मात्र बहुधा सामाईक राहिले. लातूर जिल्ह्यातील मांजरा कारखान्याचे संस्थापक विलासराव देशमुख हे बाभळगावचे सरपंच होते. पुढे ते मुख्यमंत्री झाले.

चीनशी तुलना

चीनमध्ये लोककम्यून मोडीत निघाल्यानंतर, १९८४ पासून, त्यांचे उद्योग 'नगर व ग्राम उद्योग' या नावाने ओळखले जाऊ लागले. १९७८ मध्ये सुमारे २.८ कोटी असलेली त्यांतील रोजगारसंख्या १९९६ पर्यंत सुमारे १३.५ कोटींवर गेली. यांपैकी सामूहिक उद्योगांचा मालक नावाने ग्रामसमुदाय असला, तरी व्यवस्थापक नेमणे व नफ्याचा विनियोग करणे हे स्थानिक शासनाच्या हाती होते. ग्रामस्थांकडे वैयक्तिक भाग नव्हते. नफा स्थानिक तिजोरीत येत असल्याने उद्योग वाढवण्यात शासनाचे थेट हित होते, आणि तोटा झाल्यास त्याचा भारही बव्हंशी त्याच्यावरच पडे. महाराष्ट्रात याउलट सभासदाला मत मिळाले. पण शासकीय हमीमुळे तोट्याची जबाबदारी राज्याच्या तिजोरीपर्यंत पोहोचली.

ऱ्हास व परिणाम

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात चीनमधील बहुतेक सामूहिक उद्योगांचे खासगीकरण झाले. महाराष्ट्रात उसाची टंचाई, थकलेली कर्जे आणि गैरव्यवस्थापन यांमुळे अनेक कारखाने आजारी पडले. मराठवाड्यात अवर्षणाची त्यात भर पडली. कर्जवसुलीसाठी काही कारखाने विकले गेले, तर काही भाडेतत्त्वावर चालवण्यास देण्यात आले. विक्रीनंतर धुराडे तेच राहते आणि परिसरातील ऊसही तेथेच गाळला जातो. परंतु शेतकरी मालक न राहता केवळ पुरवठादार होतो आणि संचालक निवडण्याचा त्याचा अधिकार संपतो.

सामूहिक मालकीच्या या चौकटीत ऊसतोड कामगारांना प्रारंभापासूनच स्थान नव्हते. हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून स्थलांतर करणारे हे मजूर सभासद नसल्यामुळे त्यांना कारखान्याच्या निवडणुकीत मत नसते.