घरगुती स्वयंचलन प्रकल्पांसाठी संवेदक, सुटे भाग व साधने यांची निवड : पळस्पे परिसराच्या विशेष संदर्भात

सारांश

पाण्याची टाकी, दिवे, दारे, स्वयंपाकघरातील हवा यांवर लक्ष ठेवणारी लहान स्वयंचलित योजना आज विद्यार्थी व हौशी नागरिक घरच्या घरी उभारू शकतात. अशा प्रकल्पांत बहुधा नियंत्रक मंडळ प्रथम खरेदी केले जाते आणि संवेदकाची जागा, हवामान, वीजपुरवठा व सुरक्षितता यांचा विचार मागाहून होतो. प्रस्तुत लेखात हा क्रम उलट असावा, असे प्रतिपादन केले आहे. जागा, मोजमापाची गरज, संवेदक, वीज आणि शेवटी मंडळ या क्रमाने निवड केल्यास खर्च, श्रम व धोका तिन्ही कमी होतात, हे पळस्पे परिसरातील परिस्थितीच्या आधारे स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : संवेदक, गृह-स्वयंचलन, आर्द्रता, विद्युत सुरक्षा, पडताळणी.

१. प्रस्तावना

मुंबई-पुणे जुना महामार्ग आणि मुंबई-गोवा महामार्ग जेथे एकमेकांपासून वेगळे होतात, तो पळस्पे फाटा प्रवाशांच्या परिचयाचा आहे. पनवेल तालुक्यातील या भागात जुनी कौलारू घरे, बंगले व नव्या इमारती शेजारी शेजारी दिसतात. पावसाळ्यातील मुसळधार पाऊस व दमट हवा, उन्हाळ्यातील घाम काढणारा उकाडा आणि गच्चीवर तापणाऱ्या पाण्याच्या टाक्या हे येथील नित्याचे चित्र होय.

२००५ मध्ये इटलीतील इव्रिया येथे 'आर्डुइनो' या मंडळाचा आरंभ झाला आणि सूक्ष्मनियंत्रकाचा वापर अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेबाहेर पोहोचला. २०१४ च्या सुमारास 'ईएसपी ८२६६' ही वायफाययुक्त स्वस्त चिप उपलब्ध झाल्यावर घरातील संवेदक थेट भ्रमणध्वनीशी जोडणे सुलभ झाले. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, येथील बाजारात हे सर्व सुटे भाग मिळतात. अडचण भाग मिळण्याची राहिलेली नाही. कोणता भाग कोठे व कशासाठी घ्यावा, हा आता खरा प्रश्न आहे.

२. अलिबागचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर रायगड जिल्ह्याच्याच इतिहासात सापडते. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत असे. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे निश्चित झाले, तेव्हा त्यांच्या विद्युतधारेमुळे नाजूक नोंदी बिघडतील हे वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यानुसार चुंबकीय नोंदींचे काम अलिबागला नेण्यात आले. तेथील वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली आणि मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. त्यामुळे जुन्या व नव्या आकड्यांचा मेळ घालता आला. अलिबागची ही वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून त्या संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेल येथे आहे.

या घटनेतून दोन तत्त्वे हाती येतात. पहिले, उपकरण कितीही उत्तम असले तरी जागा चुकली तर नोंद चुकते. दुसरे, नव्या उपकरणावर विसंबण्यापूर्वी ते जुन्याशी किंवा ज्ञात प्रमाणाशी ताडून पाहावे लागते. भूचुंबकीय वेधांना लागू पडणारी ही तत्त्वे स्वयंपाकघरातील संवेदकालाही तितकीच लागू पडतात.

३. हवामान आणि संवेदकाची मर्यादा

नवशिक्यांच्या संचात 'डीएचटी ११' हा तापमान व आर्द्रता मोजणारा निळा संवेदक हमखास असतो. त्याची आर्द्रता मोजण्याची कक्षा सुमारे २० ते ९० टक्के, तर अचूकता ५ टक्क्यांच्या आसपास आहे. कोरड्या प्रदेशात हे पुरेसे ठरते. पळस्पे परिसरात मात्र पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता अनेकदा ९० टक्क्यांच्या पुढे जाते. ज्या ऋतूत कपाटातील बुरशी व भिंतींची ओल यांची चिंता असते, नेमक्या त्याच ऋतूत हा संवेदक आपल्या कक्षेबाहेर काम करू लागतो. त्याऐवजी ० ते १०० टक्के कक्षा असलेला 'डीएचटी २२' किंवा अधिक भरवशाचा 'एसएचटी ३१' निवडणे हिताचे ठरते. दीर्घकाळ अतिदमट हवेत राहिल्यास या जातीच्या संवेदकांचे आकडे सरकू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

संवेदक कोठे बसवावा, हा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. तापमापक संवेदक आणि वायफाय मंडळ एकाच बंद डबीत ठेवल्यास खोलीचे नव्हे, तर डबीचे तापमान मोजले जाते. पायरोइलेक्ट्रिक हालचाल-संवेदक उष्ण शरीराच्या हालचालीला प्रतिसाद देतो. थेट उन्हाकडे किंवा गरम हवेच्या झोताकडे तोंड करून बसवल्यास तो माणूस नसतानाही दिवा लावतो. कुंडीतील ओलावा मोजणाऱ्या उघड्या धातुपट्ट्यांच्या संवेदकात विद्युत-विघटनामुळे पट्ट्या गंजतात. तेथे धारिता मोजणारा संवेदक अधिक काळ टिकतो.

४. पाण्याची टाकी : गरजेपुरती अचूकता

घरगुती प्रकल्पांत टाकीची पातळी हा सर्वांत लोकप्रिय विषय होय. त्यासाठी 'एचसी-एसआर०४' हा श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा संवेदक सर्रास वापरला जातो. तो ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी येण्यास लागलेल्या वेळावरून सुमारे २ ते ४०० सें.मी. अंतर काढतो. ध्वनीचा वेग २०° सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर, तर ३५° ला ३५२ मीटर असतो. आज्ञावलीत पहिलाच आकडा कायम ठेवल्यास उन्हाळ्यात १०० सें.मी.मागे सुमारे अडीच सें.मी.ची चूक होते. घरगुती टाकीसाठी ही चूक क्षुल्लक आहे. तिच्यापायी महागडा संवेदक घेण्याचे कारण नाही.

खरी अडचण वेगळीच असते. टाकीतील वाफ या उघड्या संवेदकावर साचते आणि काही महिन्यांत त्याचे आकडे बेभरवशाचे होतात. जलरोधक तोंडाचा 'जेएसएन-एसआर०४टी' हा प्रकार येथे योग्य ठरतो. मात्र पहिल्या सुमारे २० ते २५ सें.मी. अंतरातील वस्तू त्याला दिसत नाही. म्हणून भरलेल्या टाकीच्या पातळीपासून तेवढ्या उंचीवर तो बसवावा लागतो.

टाकी भरली की नाही, एवढेच कळावयाचे असेल तर साधा तरंगता स्विच पुरतो. त्याला आज्ञावली लागत नाही आणि वाफेचाही त्रास होत नाही. साध्या साधनाने भागत असेल तेथे गुंतागुंतीचे साधन न वापरणे हीही निवडच होय.

५. मंडळ व वीजपुरवठा

संवेदक निश्चित झाल्यावरच मंडळाचा विचार करावा. 'आर्डुइनो उनो' ५ व्होल्टवर, तर 'ईएसपी ८२६६' व 'ईएसपी ३२' ३.३ व्होल्टवर चालतात. श्राव्यातीत संवेदकाकडून येणारा ५ व्होल्टचा संकेत थेट ३.३ व्होल्टच्या मंडळास जोडल्यास मंडळाला इजा पोहोचू शकते. १ किलोओहम व २ किलोओहम रोधांची जोडी वापरून तो सुमारे ३.३ व्होल्टवर आणता येतो. उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह घेऊ नये. रिलेच्या गुंडाळीला याहून अधिक प्रवाह लागतो, म्हणून मधे ट्रान्झिस्टर असलेले रिले मॉड्यूलच घ्यावे.

मंडळ मधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर दोष आज्ञावलीत शोधण्यापूर्वी वीजपुरवठा तपासावा. वायफाय संदेश पाठवताना 'ईएसपी ८२६६' क्षणभर २०० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह ओढू शकतो. हलका अडॅप्टर किंवा बारीक लांब वायर असल्यास त्या क्षणी दाब कोसळतो. भारतीय मानक चिन्ह असलेला चांगला ५ व्होल्टचा अडॅप्टर ही या प्रकल्पातील अनावश्यक चैन नव्हे.

६. धोक्याची सीमारेषा

५ व्होल्टच्या चुकीने एखादा भाग जळतो, २३० व्होल्टच्या चुकीने माणूस दगावू शकतो. लहान रिलेवर '१० अँपिअर, २५० व्होल्ट' असे छापलेले असले, तरी पंपाची मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या काही पट प्रवाह ओढते. त्यामुळे रिलेचे स्पर्शबिंदू चिकटून मोटर बंदच न होण्याचा संभव असतो. लहान रिलेने केवळ काँटॅक्टर चालवावा आणि काँटॅक्टरने मोटर चालवावी. ही जोडणी परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावी. योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसलेल्या घरात पाणी व वीज एकत्र आणणारा प्रकल्प हाती घेऊ नये.

स्वयंपाकाच्या गॅसबाबत अधिक सावधगिरी हवी. 'एमक्यू-६' हा संवेदक गॅसची चाहूल देतो. मात्र त्याला दीर्घ पूर्वतापन लागते आणि इतर वायू व वाफांनाही तो काही प्रमाणात प्रतिसाद देतो. त्याच्या आत तापतंतू असून त्यासाठी सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह सतत लागतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने संवेदक छताजवळ न बसवता जमिनीलगत बसवावा लागतो. विद्यार्थी-प्रकल्पांत 'गॅस आढळताच पंखा आपोआप सुरू' ही कल्पना वारंवार दिसते. ती घातक आहे, कारण रिलेच्या किंवा पंख्याच्या ठिणगीनेच गॅस पेटू शकतो. गॅसचा वास आल्यास कोणतेही बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर जाऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. घरी बनवलेला संवेदक हा अभ्यासाचा विषय असावा. प्राणरक्षणाची जबाबदारी प्रमाणित सूचकावरच सोपवावी.

७. साधनांची निवड

साधनांत पहिला मान मल्टिमीटरचा. दाब, रोध व जोडणीची सलगता तपासता येत नसेल, तर दोष शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. घरातील वीजफलकाजवळ वापरावयाचा मल्टिमीटर 'कॅट-३' श्रेणीचा असावा. निऑन दिव्याचा टेस्टर पेटला नाही म्हणून वायरीत वीज नाही, असे मानू नये.

त्यानंतर २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न, राळयुक्त सोल्डर, वायर सोलण्याचा स्ट्रिपर, बारीक टोकाची पक्कड आणि कटर एवढी साधने आरंभास पुरेशी आहेत. सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते. म्हणून खिडकीजवळ काम करावे आणि नंतर हात धुवावेत. ब्रेडबोर्ड केवळ चाचणीपुरता वापरावा. दमट हवेत त्यातील जोड सैल व गंजके होतात, म्हणून कायमची जोडणी सोल्डर केलेलीच असावी. बाहेर बसवावयाची डबी 'आयपी ६५' दर्जाची घ्यावी. वायर खालच्या बाजूने आत न्यावी व प्रवेशापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून डबीत शिरत नाही.

८. पडताळणी

बाजारात एकाच नावाचे अस्सल व नक्कल असे दोन्ही भाग आढळतात. 'डीएस१८बी२०' या तापमान-संवेदकाच्या नकला तर विपुल आहेत. त्यांची परीक्षा घरीच घेता येते. ठेचलेला बर्फ व थोडे पाणी यांच्या ढवळलेल्या मिश्रणात जलरोधक संवेदकाने ०° च्या जवळ, अर्ध्या अंशाच्या आत आकडा दाखवावा. आर्द्रतेसाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर लगद्याइतके भिजवावे आणि संवेदकाला त्याचा स्पर्श न होऊ देता दोन्ही हवाबंद बरणीत काही तास ठेवावे. साधारण २५° सेल्सिअसला बरणीतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते. संवेदक किती चुकतो, हे यावरून कळते व तेवढी दुरुस्ती आज्ञावलीत करता येते. नवा संवेदक जुन्याच्या शेजारी आठवडाभर ठेवून दोहोंच्या नोंदी पाहणे, ही कुलाबा-अलिबाग येथील समांतर नोंदींचीच लहान आवृत्ती होय.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, घरगुती स्वयंचलन प्रकल्पाचे यश मंडळाच्या सामर्थ्यापेक्षा निवडीच्या क्रमावर अधिक अवलंबून असते. काय मोजावयाचे, कोठे मोजावयाचे, किती अचूकता हवी आणि चूक झाल्यास काय गमवावे लागेल, या चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून मगच बाजाराची वाट धरावी. महाविद्यालयीन प्रकल्पांच्या मूल्यमापनातही चालणाऱ्या दिव्याइतकेच महत्त्व पडताळणीच्या तक्त्यास व सुरक्षिततेच्या विचारास दिले जावे. पावसाळाभर टाकीवर टिकून राहिलेला साधा तरंगता स्विच हा, प्रदर्शनानंतर बंद पडलेल्या झगमगीत यंत्रणेपेक्षा, विज्ञानाचा अधिक चांगला पाठ देतो.