कपाटातली सीडी, छातीतला डाग

वर्सोव्यासारख्या समुद्रकाठच्या वस्तीत पावसाळ्याचे चार महिने कपाटांचे हाल होतात. चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते, बिजागऱ्या गंजतात, पुस्तकांना कुबट वास येतो. कोळीवाड्यातले घर असो की यारी रोडवरची इमारत, खारी दमट हवा कुणाला सोडत नाही. याच कपाटात आणखी एक वस्तू पडून असते आणि तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे सीटी स्कॅन, एमआरआय किंवा अँजिओग्राफीनंतर मिळालेली सीडी किंवा डीव्हीडी. रिपोर्टचा कागद जपून प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो. तबकडी मात्र लग्नाच्या आणि सिनेमांच्या डीव्हीडींच्या गठ्ठ्यात जाते.

तिची किंमत कळते ती काही वर्षांनी. समजा, साठीतल्या एका गृहस्थांच्या छातीच्या स्कॅनमध्ये आठ मिलिमीटरची गाठ दिसली. आपल्याकडे क्षयरोग होऊन गेलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यामुळे फुप्फुसातला असा डाग जुना व्रण असू शकतो, तशीच ती कर्करोगाची सुरुवातही असू शकते. एकाच वेळच्या चित्रावरून हा फरक सांगणे पुष्कळदा अवघड असते. म्हणून डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, ‘जुना स्कॅन आहे का?’ भरीव गाठ दोन वर्षांत वाढलेली नसेल, तर ती बहुधा निरुपद्रवी मानली जाते. धुक्यासारखी अंधुक गाठ असेल, तर पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे लागते. जुनी चित्रे हाताशी असली की ती नव्या चित्रांशेजारी ठेवून तुलना करता येते. नसली, तर काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन, कधी सुईने तुकडा काढून तपासणी आणि तोवर घरभर धास्ती.

‘रिपोर्ट तर आहे ना’, असे अनेक जण म्हणतात. पण रिपोर्टात त्या वेळी महत्त्वाचे वाटले तेवढेच लिहिलेले असते. आज शंका असलेली जागा तेव्हा कशी होती, हे मूळ चित्रेच सांगतात. रुग्णालयाकडून ती पुन्हा मिळतील, या भरवशावरही फार राहता येत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागणी केल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. त्यानंतर कपाटातली तबकडी हीच कदाचित एकमेव प्रत उरते.

आणि ती अमर नाही. दुकानात मिळणारी सिनेमाची डीव्हीडी साच्यातून छापलेली असते. तिच्यावरचे सूक्ष्म खड्डे प्लॅस्टिकमध्येच उमटलेले असतात. तपासणी केंद्रात किंवा लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे ‘राइट’ केलेल्या साध्या तबकडीत मात्र सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हा रंग बिघडतो. डीव्हीडीत हा थर प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये बसवलेला असतो. सीडीत तो छापील बाजूच्या लगेच खाली असतो. म्हणून सीडीच्या नाव लिहिलेल्या बाजूवरचा ओरखडा चकचकीत बाजूवरच्या ओरखड्यापेक्षा अधिक घातक ठरतो. बुरशीचेही तसेच. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या उष्ण, दमट देशातून आणलेल्या एका सीडीतले प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर बुरशीने कुरतडल्याचे स्पेनमधील संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले होते.

तेव्हा प्रत करून ठेवायची, हे ठरले. पण कोणत्या सॉफ्टवेअरने? इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘सर्वांत चांगले कोणते’ असे विचारण्याआधी ‘या तबकडीवर काय आहे’ हे पाहायला हवे. घरात साधारण तीन प्रकारच्या तबकड्या असतात.

पहिला प्रकार लग्न, मुंज, बारसे यांच्या डीव्हीडींचा. त्यांना कुलूप नसते. त्या फोनवर किंवा टीव्हीवर पाहायच्या असतील, तर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर त्यांचे एमपी४ करून देते. फाइल लहान होते, पण चित्राचे काही बारकावे कायमचे जातात. मेकएमकेव्ही चित्र पुन्हा दाबत नाही, फक्त वेष्टण बदलते. त्यामुळे फाइल मोठी राहते आणि दर्जा तोच राहतो. जपून ठेवण्यासाठी दुसरी पद्धत, पाहण्यासाठी पहिली.

दुसरा प्रकार विकत घेतलेल्या सिनेमांचा. यांतल्या बऱ्याच तबकड्यांना सांकेतिक कुलूप असते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या ६५ अ कलमानुसार हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रती काढून वाटणे किंवा विकणे तर दूरच ठेवावे.

तिसरा प्रकार तपासणीच्या तबकड्यांचा. त्यांना वरच्या सिनेमाच्या सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. त्यांवर व्हिडिओ नसून ‘डायकॉम’ या जगभर चालणाऱ्या वैद्यकीय स्वरूपातल्या शेकडो फाइली असतात. सीटीच्या एका चित्रात साधारण ४०९६ छटा नोंदवलेल्या असतात. साध्या जेपीजी फोटोत राखाडी रंगाच्या २५६ मावतात. त्या जास्तीच्या छटांमुळेच डॉक्टर एकाच स्कॅनमध्ये कधी फुप्फुस, कधी हाड, कधी रक्तवाहिनी उजळून पाहू शकतात. स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, की हे सारे गळून जाते, मोजमापही उरत नाही. म्हणून इथे रूपांतर नको, हुबेहूब प्रत हवी.

अशा प्रतीला ‘आयएसओ’ म्हणतात. अख्खी तबकडी एका फाइलीत उतरते. विंडोजवर इमजीबर्न हे मोफत सॉफ्टवेअर हे काम करते. मॅकवर डिस्क युटिलिटी असतेच. ती अशी प्रत थोड्या वेगळ्या नावाच्या फाइलीत करते. विंडोज ८ किंवा त्यानंतरच्या संगणकावर आयएसओ फाइलीवर दोनदा क्लिक केले, की ती तबकडीसारखी उघडते. सीडीवर सोबत आलेला चित्रे पाहण्याचा प्रोग्राम नव्या संगणकावर चालला नाही, तरी घाबरू नये. वीसिस किंवा मॅकसाठी होरोस यांसारखे मोफत प्रोग्राम त्याच फाइली दाखवतात. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसेल, तर यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो.

तबकडी अडकत असेल, तर तीच ती पुन्हा पुन्हा फिरवत बसू नये. आधी मऊ, स्वच्छ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल गोल नाही. टूथपेस्ट वगैरे लावू नये. तरीही वाचता येत नसेल, तर डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर आधी चांगला भाग उचलते आणि मग खराब जागांकडे वळते. ते आज्ञा टाइप करून चालवावे लागते. संगणकातल्या जाणकाराला सोबत घ्यावे. कोणतेही सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि बसवताना सोबत येणाऱ्या नको त्या प्रोग्रामांची खूण काढून टाकावी.

प्रत झाली म्हणजे काम संपले, असे नाही. ती दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या चित्रापर्यंत पाहावी. मगच एक प्रत हार्ड डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक घराबाहेर, मुलीकडे किंवा भावाकडे ठेवावी. फाइलीच्या नावात तारीख, अवयव आणि तपासणी केंद्र लिहावे. ‘पप्पा स्कॅन’ असे नाव पाच वर्षांनी कुणाला काही सांगत नाही. या फाइलींत रुग्णाचे नाव आणि वयही असते. त्यामुळे अनोळखी संकेतस्थळांवर त्या चढवू नयेत.

तबकडी मिळते त्याच आठवड्यात हे काम उरकले, तर सहसा अर्ध्या तासाहून जास्त वेळ जात नाही. आणि पुढच्या वेळी नव्या डॉक्टरांकडे जाताना फाइलीत कागदांच्या आधी तो पेनड्राइव्ह ठेवावा. जुनी चित्रे समोर असली, तर काही रुग्णांना सुईच्या तपासणीऐवजी ‘तीन वर्षांत काही वाढलेले नाही’ एवढे एक वाक्य ऐकून घरी जाता येते.