नवे बोअर, नवी रिंग आणि पहिले पाचशे किलोमीटर



उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की आपल्या भागात तीन कामे हमखास निघतात. घराची डागडुजी, विहिरीवरची मोटर आणि मोटारसायकलचे इंजिन. अलीकडे आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. आजोबांनी घेतलेली जुनी बुलेट गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडलेली असते. नातू ती बाहेर काढतो, रंग देतो, इंजिन उतरवून बोअर मारून घेतो. गाडी किकला उठली, की घरात आनंदीआनंद. पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्याच दिवशी तिघे बसून देवदर्शनाला निघतात.

नुकसानीची सुरुवात इथेच होते.

कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये आमचे हात बरीच वर्षे काळे झाले. आता निवृत्त झालो तरी ओट्यावर कोणी ना कोणी गाडी घेऊन येतोच. "मिस्त्री, बोअर मारून महिना झाला न्हाई, अन् गाडी धूर मारतीया. सामानच खोटं दिलं बघा!" सामान कधी खोटे असतेही. पण पुष्कळदा सामान चांगले असते, बांधणीही चांगली असते. रनिंग मात्र चुकलेले असते. म्हणून हा लेख.

बोअर म्हणजे लागण

उसाची लागण होते, मग खोडवा, मग निडवा. पुढे परवडत नाही. सिलिंडरचेही तसेच आहे. नव्या गाडीचे मूळ बोअर ही लागण. ते झिजले, की वीस थाऊ मोठा पिस्टन बसतो, तो खोडवा. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) नंतर चाळीस, साठ. त्यापुढे स्लीव्ह बसवावी लागते किंवा सिलिंडरच बदलावे लागते. एक बोअर नीट सांभाळले तर पुष्कळ वर्षे पुरते. रनिंगमध्ये चूक झाली, तर त्याच बोअरचा पहिल्या महिन्यातच निकाल लागतो.

जुन्या बुलेटच्या बाबतीत हे जास्त जपायला हवे. इंग्लंडमधील रेडिचची रॉयल एनफिल्ड आणि मद्रास मोटर्स यांच्या सहकार्याने १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. तिथे तयार होणारे बिडाच्या सिलिंडरचे इंजिन २०१० च्या सुमारास बंद झाले. आज तुमच्या गोठ्यातून निघणारी गाडी बहुधा तीच. तिचे मूळ सिलिंडर जितके टिकेल तितके चांगले.

आत काय चालते

मिस्त्री बोअर मारतो आणि नंतर होनिंग करतो. होनिंगच्या दगडाने भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उठतात. या रेघा मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्यांच्या खाचांत ऑइल धरून राहते आणि वरच्या टोकांवर नवी रिंग घासून बसते. रिंग आणि भिंत एकमेकींशी जुळून घेतात, त्या काळाला आपण रनिंग म्हणतो.

आता मुख्य गोष्ट. रिंग भिंतीला टेकते ती नुसत्या स्वतःच्या ताणाने नव्हे. पेट्रोल पेटले, की वरचा दाब रिंगच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. म्हणजे इंजिनाने थोडाफार जोर लावल्याशिवाय रिंग नीट बसत नाही.

पण जोर म्हटला की उष्णता आली. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. बुलेट ३५० चे बोअर ७० मिलिमीटर. एवढा पिस्टन १०० अंशांनी तापला, तर सुमारे १५ शतांश मिलिमीटर वाढतो. सिलिंडर तेवढेच तापले तरी त्याच्या निम्मेच वाढते. शिवाय पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त तापतो. मधली फट ती काय, केसाच्या जाडीएवढी. त्यात नव्या रिंगा घासत असल्याने गरमी आणखी वाढते. फट संपली, की पिस्टन पकडतो.

थोडक्यात, जोर तर हवा, पण गरमी साठता कामा नये. रनिंगचा सगळा सारांश एवढाच.

आमची पहिली चूक

हे शहाणपण आम्हाला पुस्तकातून आले नाही. १९८६ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या बुलेटला बोअर मारून चार दिवस झाले होते. दुपारी शेजारचे आबा धावत आले. विजेच्या तारेची ठिणगी पडून त्यांचा दीड एकर ऊस जळाला होता. जळालेला ऊस लवकर तुटून गव्हाणीत पडला पाहिजे, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा गावात फोन नव्हता. गट ऑफिस अठरा किलोमीटरवर. आबांना मागे बसवले आणि गाडी पिळली.

घाईत काही सुचत नव्हते. चढ लागला तरी टॉप गिअर सोडला नाही, मूठ पुरी ओढलेली. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडी मागे ओढल्यासारखी वाटू लागली. ती सूचना होती. आम्ही मूठ आणखी पिळली. पुढच्याच क्षणी मागचे चाक जाम. गाडी आडवी होता होता राहिली. आबांचे कोपर सोलले, आमचा गुडघा.

इंजिन निवल्यावर किक खाली गेली, पण आतून खरखर येत होती. अर्धा रस्ता पायी, अर्धा एका बैलगाडीत बसून गट ऑफिसला पोचलो, तोवर दिवे लागले होते. दुसऱ्या दिवसाच्या टोळ्या वाटून झाल्या होत्या. आबांचा ऊस आणखी एक दिवस फडात उभा राहिला. पिस्टन आमचा गेला. पण वजन घटले ते त्यांच्या उसाचे, आणि जळिताची कपात झाली ती वेगळीच.

आबा कधी रागावून बोलले नाहीत. बिल हातात आल्यावर एवढेच म्हणाले, "मिस्त्री, त्या दिवशी सायकलवर गेलो असतो, तर आधी पोचलो असतो." ते वाक्य आम्ही अजून विसरलो नाही.

दुसरी चूक, उलट बाजूची

एकदा हात पोळला म्हणून आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. पुढे कोणीही विचारले, की सांगायचो, "हजार किलोमीटर तीसच्या वर जाऊ नका." एका सभासदाने ते अक्षरशः पाळले. टॉप गिअरमध्ये तीस, सपाट रस्ता, मागे कोणी नाही. हजार किलोमीटर पुरे झाले आणि गाडी निळसर धूर मारू लागली. ऑइल खाऊ लागली. खोलून पाहिले, तर पिस्टन ठीक, रिंगा ठीक. भिंत मात्र आरशासारखी चकचकीत. जोर न मिळाल्याने रिंगा बसल्याच नव्हत्या. त्यांच्या बाजूने निसटलेले ऑइल भिंतीवर भाजून तिथे गुळगुळीत थर चढला होता. पुन्हा होनिंग केले, नव्या रिंगा घातल्या. त्यांचा खर्च आमच्या सल्ल्याने झाला, हे आम्ही त्यांच्यापुढे कबूल केले.

खोंडाला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाहीत. पण दावणीला बांधून ठेवला, तर तो औत शिकेल कधी? आपल्या कारखान्यातही हीच रीत आहे. बॉयलर अग्निप्रदीपन झाले, की त्याच दिवशी पुरा दाब घेत नाहीत. दुरुस्त केलेल्या विटकामातील ओल निघावी म्हणून आग बेताने ठेवतात. मिल आधी रिकामी फिरवतात, बेअरिंग तपासतात, मग मोळी पडते. मात्र रिकाम्या मिलवर कोणी हंगाम काढत नाही.

मग करावे काय?

चार स्ट्रोकच्या जुन्या बुलेटसाठी आमचा पाठ असा आहे :

१) पहिल्या किकच्या आधी. ऑइल भरून, प्लग काढून, सावकाश पंधरा-वीस किका माराव्यात. रॉकरकडे जाणाऱ्या ऑइलच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून ऑइल वर येते का ते पाहावे. ऑइल दिसल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

२) स्टँडवर ताटकळत ठेवू नये. गाडी चालू करून तासभर घुर्र करत ठेवली, की रनिंग निघते, हा गैरसमज आहे. हे इंजिन वाऱ्याने निवते. उभ्या गाडीला वारा कुठून मिळणार? दोन-तीन मिनिटांत गळती, आवाज पाहून बंद करावी. पुरी निवू द्यावी.

३) पहिले शंभर किलोमीटर. एकट्यानेच चालवावी. सकाळी किंवा संध्याकाळी, दहा-पंधरा किलोमीटरचा फेरा. मूठ निम्म्याच्या आत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये थोडा जोर द्यावा, मग मूठ सोडून गाडी आपोआप मंद होऊ द्यावी. असे पुन्हा पुन्हा करावे. जोर दिल्याने रिंग भिंतीवर रेटली जाते. मूठ सोडल्यावर ओढीने ऑइल वर येते आणि भिंत निवते. एकाच वेगाने लांब पल्ला नको.

४) चढाला गिअर उतरवावा. टॉप गिअरमध्ये इंजिन धडधडत ओढायला लावणे, हे जोरात पळवण्याइतकेच वाईट. हळू चालवणे वेगळे आणि कुंथत चालवणे वेगळे.

५) ऑइल लवकर बदलावे. पहिले ऑइल शंभर किलोमीटरच्या आत काढावे. ते काढून पांढऱ्या फडक्यावर बघा. चांदीसारखी चमचम दिसेल. तो रिंग आणि बोअर यांचा चुरा. दुसऱ्यांदा पाचशेवर, तिसऱ्यांदा हजारावर. फिल्टर विसरू नये. साधे मिनरल ऑइलच वापरावे. महागडे सिंथेटिक रनिंग संपेपर्यंत नको.

६) हेडचे नट आणि टॅपेट. शंभर किलोमीटर झाल्यावर इंजिन पुरते गार असताना मिस्त्रीकडून नट पुन्हा बघून घ्यावेत, टॅपेट लावून घ्यावेत.

७) शंभर ते पाचशे. वेग हळूहळू वाढवावा. पन्नासपर्यंत जावे, थोडा वेळ राहावे, खाली यावे. पाचशेनंतर मागे माणूस बसवायला हरकत नाही. पोती, दुधाच्या किटल्या, तिघे, हे हजारानंतर. आणि तिघे तर तेव्हाही नकोतच.

प्लगचा रंगही पाहत जावा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर इंजिन गरम चालते आहे. आधी कार्बोरेटर बघून घ्या.

आणि जीव वाचवणारी सूचना अशी : आवाज जड झाला किंवा गाडी मागे ओढल्यासारखी वाटली, की ताबडतोब क्लच दाबा आणि मूठ सोडा. कडेला घ्या. निवेपर्यंत किक मारू नका. आम्ही त्या दिवशी क्लच दाबला असता, तर बरेच काही वाचले असते.

राजदूत आणि जुनी येझदी या दोन स्ट्रोकच्या गाड्या. त्यांना पिस्टनचे वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच मिळते. मूठ बंद तर वंगणही कमी. म्हणून रनिंगमध्ये लांब उतारावर मूठ बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडू नये. मधूनमधून मूठ थोडी द्यावी. ऑइलचे माप डोळ्यांनी नव्हे, मापानेच घालावे.

शोरूममधून आलेल्या नव्या गाडीचे काय, असे तरुण मंडळी विचारतात. तिच्याबरोबर पुस्तिका मिळते. ती कपाटात न ठेवता वाचावी आणि पहिली सर्व्हिस वेळेवर करावी.

एक शेवटची विनंती. हंगाम तोंडावर आला असताना इंजिन खोलू नका. तोडणीची पाळी आली, की गाडी लागतेच, आणि मग रनिंग कोण बघतो? हे काम पावसाळ्याच्या आधी, उसंत असताना करून घ्या. पाचशे किलोमीटर सवडीने होऊ द्या. ऐन वेळी कोणी धावत दारात आले, तर गाडी तयार पाहिजे.